सहा बुधा, पाच शुक्रा

आपल्या देशात कुणी कुणाचा वंशसंहार तर केलेला नाही ना, हे एकदा विचारून घ्यावं असं सरकारला वाटलं. विचारलं कुणाला, तर मामलेदाराला.

झालं असं, की १९५९ साली दिल्लीने मोठ्या देशांच्या पंगतीत बसून एका करारावर शिक्कामोर्तब केलं. एखाद्या धर्माची, जातीची, टोळीची माणसं ती त्या टोळीची आहेत एवढ्यासाठी संपवणं हा गुन्हा आहे, असं त्या करारात होतं. एवढं मोठं काम केल्यावर कुठल्यातरी खात्यातल्या कुठल्यातरी साहेबाला उत्साह आला आणि त्याने परिपत्रक काढलं. ते दिल्लीहून मुंबईला, मुंबईहून अलिबागला आणि अलिबागहून आमच्या पनवेलच्या कचेरीत येऊन पडलं. सोबत तक्ता होता. नष्ट करण्यात आलेल्या वंशाचे, जातीचे अगर धर्माचे नाव. संख्या. मयतांची नावे. कोणत्या पद्धतीने. शेरा. आणि तळाला बारीक अक्षरात, ‘माहिती नसल्यास निरंक असे लिहावे.’

कागद कुठल्या टेबलाचा, यावर कचेरीत महिनाभर खल चालला. आधी तो रोगराईच्या टेबलावर गेला, कारण त्यात मेलेली माणसं होती. तिथून गुरांच्या टेबलावर, कारण त्यात वंश होता. तिथून दारूबंदीच्या टेबलावर का गेला, हे मात्र आजतागायत कळलेलं नाही. शेवटी तो माझ्याकडे आला. मी काशिराम, संकीर्ण शाखेचा कारकून. ज्या कागदाला कुणी वाली नाही तो संकीर्ण. माझी सगळी नोकरी असल्या अनाथ कागदांना सांभाळण्यात गेली आणि त्याचा मला, का कोण जाणे, अभिमानही होता.

आमचे मामलेदार रावसाहेब त्या वर्षीच देशावरून बदलून आले होते. माणूस पुष्कळ पुस्तकं वाचलेला. जर्मनीत ज्यू लोकांचं काय झालं हे त्यांना तोंडपाठ होतं. पनवेलच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, मंडळींनी त्यांना एकदा सिनेगॉगमध्ये बोलावलं, तेव्हा त्या साठ लाख लोकांबद्दल बोलताना रावसाहेबांनी रुमालाने डोळे टिपले. मी शेजारीच होतो. ते रडणं खोटं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. त्यांना माणसांबद्दल कळवळा होता. फक्त माणसं जरा लांबची लागत.

तक्ता पाहून ते म्हणाले, “काशिराम, हे आपल्याकडे कुठलं? निरंक लिहा आणि पाठवून द्या.”

मी लिहिणारच होतो. पण तेवढ्यात आमच्या शिपायाने घोळ घातला.

हा विठू. त्याला चेष्टेची खोड होती. कचेरीच्या मागच्या दारी रावसाहेबांच्या बंगल्यासाठी लाकडाची मोळी टाकायला मंगळी नावाची एक कातकरीण यायची. पन्नाशीची, काटक, कमी बोलणारी. विठू तिला म्हणाला, “अगे मंगळे, सरकार मारलेली मानसं मोजतंय. तुज्या वाडीची हायत काय? दे लिवून.” आणि हसला. मंगळी हसली नाही. मोळी तिथेच टाकून ती सरळ आत आली आणि माझ्या टेबलासमोर जमिनीवर बसली.

“भाऊसाहेब, लिवा,” म्हणाली. “येकतीस हायत.”

मला सगळं ठाऊक होतं. पनवेलात कुणाला ठाऊक नव्हतं? कर्नाळ्याच्या पलीकडच्या अंगाला कुसरवाडी म्हणून कातकऱ्यांची वाडी होती. १९४३ सालच्या मार्गशीर्षात भगवानशेठच्या कोठारातलं भात चोरीला गेलं. लढाईचे दिवस, धान्याला सोन्याचा भाव. चोर कोण हे शोधायची गरजच नव्हती, कातकरी जन्मतःच चोर, असं तेव्हा शिकली-सवरलेली माणसंही बिनदिक्कत म्हणत. शेठ चाळीस माणसं घेऊन पहाटे वाडीवर गेला. “बीज ठेवू नका,” असं तो म्हणाला, हे त्या चाळिसांतल्याच एकाने पुढे दारूच्या नशेत सांगितलं. झोपड्यांना बाहेरून काट्यांची कुंपणं लावली आणि पेटवून दिलं. जे बाहेर आले त्यांना कोयत्याने. पोलीस पाटलाने अहवाल दिला, ‘वाडी चुलीच्या ठिणगीने जळाली. लोक कोळशाच्या कामास अन्यत्र परागंदा.’ चोरीला गेलेलं भात पुढे पंधरा दिवसांनी उरणच्या काळ्या बाजारात शेठच्याच बैलगाडीतून उतरलं म्हणतात. पण बैलगाडीचा कुणी अहवाल दिला नाही.

मंगळी आदल्या दिवशी आपटा गावी नदीवर मासे धरायला गेली होती. बरोबर तिचा दीर शुक्रा होता. म्हणून ती दोघं उरली. परत येऊन दोघांनी एकतीस जणांना वाडीतल्याच मोहाच्या झाडाखाली पुरलं, आणि दोघं तिथेच राहिली.

ती सांगत गेली, झोपडी-झोपडीने. “पयल्या झोपड्यात बुधा. त्याचं येक बोट इळ्यानं गेलेलं. त्याची बायको सोमी, ती गानी बोलायची. त्यांचा पोऱ्या शुक्रा. मंग दुसरा बुधा, तो मध काढायचा, मधमाशी त्याला चावत नव्हती…” मी लिहीत होतो. पण तक्त्यात रकाना होता तो फक्त नावाचा. गेलेलं बोट, मध, गाणी यांना जागा नव्हती. मी लिहिलं, बुधा. सोमी. शुक्रा. बुधा.

शेवटी ती म्हणाली, “मंगळी. माजी पोर. चार वर्सांची.” आणि त्यानंतर, “आयती. माज्या नणंदेची. दोन म्हयन्यांची व्हती, ऐतवारी झाली म्हून आयती.”

कातकऱ्यांत मूल ज्या वारी जन्मलं त्या वारावरून नाव ठेवतात. त्यांच्याकडे कुंडल्या नसतात, पंचांग नसतं, देवांची हजार नावंही नसतात. वार सात, आणि त्यांचं त्यात भागतं. वाडीत कितीही बुधा असले तरी कुणाचा घोटाळा होत नाही, कारण ती एकमेकांना ओळखतात. घोटाळा होतो तो आमचा.

यादी घेऊन मी रावसाहेबांकडे गेलो. सांगायला लाज वाटते, पण जाताना मनात थोडा आनंद होता. निरंकच्या ऐवजी काहीतरी घेऊन जातोय, असा.

रावसाहेबांनी चष्मा लावला, यादी वाचली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“काशिराम, ही बाई तुम्हाला बनवतेय.”

“म्हणजे?”

“अहो, बुधा सहा वेळा आहे. शुक्रा पाच वेळा. मंगळी चारदा, सोम्या चारदा. तीच तीच नावं फिरवून एकतीस केलीत! रेशनकार्डात हे लोक हाच उद्योग करतात. नियम काय आहे? एकाच वस्तीत एकच नाव पुन्हा आलं तर ती एकच नोंद समजावी.”

त्यांनी लाल पेन्सिल उचलली आणि खोडायला सुरुवात केली. पाच बुधा गेले. चार शुक्रा गेले. सोम्या, सोमी, बुधी, मंगळ्या, शनवाऱ्या, सगळ्यांचा एकेक नग ठेवून बाकीचे गेले. भगवानशेठला चाळीस माणसं आणि अर्धी सकाळ लागली होती. रावसाहेबांनी एका लाल पेन्सिलीत पाच मिनिटांत एकतीस जण नऊवर आणले.

“आता ही मंगळी,” ते म्हणाले. “अर्जदाराचं नाव काय?”

“मंगळी.”

“मग ती तर बाहेर बसलीय! जिवंत माणसाची मयतात नोंद कशी करता?” मंगळी खोडली. “आणि शुक्रा नावाचं आता वाडीत कुणी आहे?”

“तिचा दीर आहे साहेब. पण तो शुक्रा वेगळा…”

“हयात आहे ना?” शुक्रा खोडला. “उरले सात. सात माणसांचा कसला आलाय वंश? शिवाय आग लागली असा पाटलाचा अहवाल आहे. आपण सात आकडा पाठवला तर जिल्ह्यातून सतराशे प्रश्न येतील. बाकी सगळे तालुके निरंक पाठवणार आणि एकटं पनवेल उठून दिसणार. कशाला?”

वाराची गोष्ट मला ठाऊक होती. एक वाक्य बोलायचं होतं. साहेब, त्यांच्यात वारावरून नावं ठेवतात, एवढंच. मी ते बोललो नाही. माझी बढतीची फाइल त्याच टेबलावर होती. मी निरंक लिहिलं, खाली सही केली, आणि माझी सही सुरेख येते म्हणून ती नेहमीपेक्षा जरा ऐटीतच केली.

बाहेर येऊन मंगळीला सांगितलं, “सरकारी नियमात बसत नाही.”

“म्हंजे ती मेली नाय?”

“कागदावर नाही.”

ती उठली. मग म्हणाली, “शेट मोहाखालची माती मागतोय. इटांसाठी. तुमी लिवलं असतंत का थितं मानसं पुरल्यात, तर खणली नसती.”

तेव्हा मला कळलं की बाई आकड्यासाठी आली नव्हती. भगवानशेठच्या आता चार वीटभट्ट्या होत्या आणि कुसरवाडीच्या सरकारी पडीक जमिनीतली माती उचलायचा त्याचा अर्ज आमच्याकडेच पडला होता. आठवड्याभरात त्यावर शेरा गेला, ‘सदर ठिकाणी दफनभूमी असल्याचा पुरावा नाही. पहा, वंशसंहार तक्ता, निरंक.’ म्हणजे माझी सुरेख सही तिथेही उपयोगी पडली. शेठला दोन वर्षांची परवानगी मिळाली आणि त्याने ओढ्याकडून खणायला सुरुवात केली. मोह वाडीच्या दुसऱ्या टोकाला होता, तिथे पोचायला त्याला ती दोन वर्षं पुरी पडली नाहीत, एवढंच मंगळीचं नशीब.

मला बढती मिळाली. मंगळी मोळी टाकायला येत राहिली. मी मागच्या दाराने जायचं सोडून दिलं.

१९६१ च्या अखेरीस मतदार याद्या दुरुस्त करायचं काम निघालं. वाड्यांवर जायला कुणी तयार नव्हतं. मी हात वर केला. का केला हे मला त्या वेळी सांगता आलं नसतं. कुसरवाडीत पोचलो तेव्हा ओढ्याच्या अंगाची अर्धी जमीन खरवडून नेलेली होती. खड्ड्याची कड मोहापासून पन्नास-साठ पावलांवर आली होती. झोपड्या दोन. एकीपुढे शुक्रा बसला होता, डोळ्यांनी अधू झालेला. दुसरीतून मंगळी बाहेर आली.

“मतदार यादी करतोय,” मी म्हटलं. “वाडीत एकवीस वर्षांवरचे किती जण?”

तिने माझ्याकडे पाहिलं. मग मोहाकडे पाहिलं.

“लिवा,” म्हणाली. “बुधा.”

“कोण बुधा?”

“येक बोट नाय तो.”

“मंगळे, तो तर…”

“तो तर काय? मेला? तुमच्या कागदात मेला नाय. तुमीच सांगितलंत. आग लागली न लोक दुसरीकडं गेलं, आसं पाटलानं लिवलंय. मंग जिते हायत. जिते हायत तर लिवा. का दोनी कागदात नाय लिवायचं? येका तरी कागदात ठेवा की आमाला.”

सरकारचं म्हणणं खरं मानायचं तर बाईचं बोलणं बिनतोड होतं. सरकारचं म्हणणं खोटं मानायचं तर त्यावर सही माझी होती. शेवटी मी चटईवर बसलो आणि टाक काढला. नोकरी जाईल, तुरुंगही होईल, हे कळत होतं, आणि बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा मला बरं वाटत होतं.

मतदार यादीत एक सोय असते. बापाचं अगर नवऱ्याचं नाव लिहायचा रकाना. बुधा सोम्या, बुधा शुक्रा, बुधा मंगळ्या. सहाच्या सहा बुधा वेगळे झाले. वयं आम्ही दोघांनी मिळून काढली, तेव्हाचं वय अधिक अठरा. म्हातारे नव्वदीला पोचले, कर्ती माणसं पन्नाशी-साठीत आली. तेव्हाची पोरं आता वयात आलेली होती. मंगळीची पोर बावीस वर्षांची झाली होती.

“लगीन झालं आसतं,” मंगळी म्हणाली. मी मान खाली घालून लिहीत राहिलो.

सगळ्यात शेवटी आयती आली.

“तिचं नाही लिहिता येणार,” मी म्हणालो. “अठराचीच आहे. एकवीस पूर्ण नाहीत.”

हे मी खरंच म्हणालो. तीस मेलेल्या माणसांना मतदार केलं आणि एकतिसावीला नियम दाखवला. कारकुनाचं हाड ते. मंगळी वाद घालत बसली नाही. म्हणाली, “बरं.”

यादी छापून आली आणि तिने काम केलं. भगवानशेठचा परवानगी वाढवून मागणारा अर्ज नव्या मामलेदारांपुढे गेला. या गृहस्थांना जर्मनीचं काही ठाऊक नव्हतं, पण छापील कागदावर त्यांची श्रद्धा होती. त्यांनी शेरा मारला, ‘कुसरवाडी येथे बत्तीस मतदारांची वस्ती दिसते. वस्तीलगत खोदाईस परवानगी देता येत नाही.’ आणि माती उचलणं थांबलं. मेलेल्या माणसांनी आपली जमीन आपणच राखली. सरकार मेलेल्यांचं ऐकत नाही, पण मतदारांचं जरा ऐकतं.

गोष्ट इथे संपली असती तर मी आयुष्यभर स्वतःवर खूश राहिलो असतो.

दुसऱ्या वर्षी जिल्हा परिषदेची पहिलीच निवडणूक लागली आणि भगवानशेठ उभा राहिला. विटांचा धंदा, डोक्यावर पांढरी टोपी, तोंडात गरिबांचं कल्याण. गटातली लढत अटीतटीची होती, एकेक मत मोलाचं. त्याचा माणूस गणू याद्या चाळत होता, त्याला एकाच वाडीत बत्तीस मतं सापडली. त्याला कोण आनंद झाला. शेठ म्हणाला, जाऊ या.

मतदान केंद्रं कुठे ठेवायची ते पाहायला मी त्या दिवशी तिकडे फिरत होतो. शेठची जीप वाडीकडे वळताना दिसली. मी मागोमाग वाडीवर गेलो.

शेठ हात जोडून उभा होता. चेहऱ्यावर उमेदवाराचं हसू. मोहाला जरा अंतर ठेवूनच उभा होता, जागा तो विसरला नव्हता. पण त्याच्या हिशेबी कातकरी पुन्हा येऊन राहिले असतील, जंगलात काय, उगवतातच. गणूच्या हातात बत्ताश्यांची टोपली आणि यादी. वाडी जळाली त्या वेळी तो शेठकडे नव्हता, पोरगेला असेल. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

“कुठं गेली सगळी मानसं?” गणूने विचारलं.

“हायत,” मंगळी म्हणाली. “नावं वाच. मी सांगते.”

गणूने वाचलं, “बुधा सोम्या.”

“हाय.”

“बुधा शुक्रा.”

“हाय.”

“सोमी बुधा.”

“हाय.”

“आगं हाय-हाय काय करतेस, हायत कुठं?”

मंगळीने मोहाखाली बोट केलं. तिथे ओळीने दगड मांडलेले होते. “थितं.”

गणूला कळलं नाही. भगवानशेठला कळलं. त्या माणसाने मारलेल्यांची नावं अठरा वर्षांत कधी ऐकलेली नव्हती. नावं विचारून थोडंच कुणी मारतं? ती त्याने तिथे पहिल्यांदा ऐकली. त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण त्याखालचा चेहरा निघून गेला.

“गणू, चल. पुरे,” तो म्हणाला.

“आसं कसं पुरे, शेट?” मंगळी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “मत मागाय आलाव ना? समदी नावं वाचल्याबिगर मत नाय. वाच रं तू.”

आणि गणू वाचत राहिला, कारण बत्तीस मतं जातील या भीतीने तो बिचारा घाबरला होता. तिसरा बुधा. चौथा. पाचवा शुक्रा. प्रत्येक नावाला मंगळी हाय म्हणत होती आणि झोपडीच्या दारातून अधू डोळ्यांचा शुक्रा मान हलवत होता. शेठचे हात जोडलेलेच होते. ते सोडायचं त्याला सुचलं नसावं. सरकारच्या कुठल्याही कागदाने जे मान्य केलं नाही, ते त्याच्या तोंडावर उभं होतं आणि मी ते डोळ्यांनी पाहिलं.

“मंगळी…” गणू अडखळला. “वय बावीस.”

मंगळी मोहाकडे वळली. मग म्हणाली, “हाय.”

यादी संपली. शेठ वळला आणि जीपकडे चालू लागला. बत्ताशे तिथेच राहिले. पण मंगळी थांबली नव्हती.

“आनि येक आयती हाय,” ती म्हणाली. “तिचं वय भरलं नाय म्हून लिवली नाय.”

हे ती शेठला सांगत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

मी पुढे झालो. गणूच्या हातातली यादी घेतली, खिशातलं पेन काढलं आणि छापलेल्या शेवटच्या नावाखाली, कोऱ्या जागेत, आयती असं लिहिलं. अक्षर चांगलं आलं नाही. वयाच्या रकान्यात दोन महिने लिहिलं. पुढे मयत लिहिलं, कसं मयत आणि कुठे पुरलं तेही लिहिलं, आणि मग वर जाऊन एकेका नावापुढे तेच लिहीत आलो. तीसही जणांपुढे लिहिलं, खाली हुद्द्यासकट सही केली आणि यादी कचेरीत लावायला माझ्याकडेच ठेवली.

“आता तुमची मतं बाद,” गणू म्हणाला.

“व्हय,” मंगळी म्हणाली, आणि बत्ताश्यांची टोपली उचलून मोहाकडे गेली.